परदेश प्रवासात मोबाइल डेटा: पुण्यातून निघण्यापूर्वी करायची तयारी

गेल्या मे महिन्यात माझी मावशी आणि काका कोथरूडहून युरोपच्या बारा दिवसांच्या सहलीला गेले. निघण्याच्या आदल्या दिवशी एका विक्रेत्याने त्यांना परदेशी सिम विकले, काकांच्या फोनमधले जुने सिम काढून त्या जागी नवे बसवूनही दिले आणि जुने सिम एका लहानशा पाकिटात घालून मावशीच्या हाती ठेवले. ते पाकीट घरातल्या कपाटातच राहिले. चौथ्या दिवशी स्वित्झर्लंडमधून मावशीचा फोन आला, "अगं, नेट अगदी छान चालतंय, पण कार्डाने पैसे भरायला गेलं की बँकेचा ओटीपीच येत नाही." शेजाऱ्यांकडून किल्ली घेऊन मी ते सिम माझ्या जुन्या फोनमध्ये घातले आणि पुढचे आठ दिवस मावशीला ओटीपी वाचून दाखवत राहिले. खरे तर ओटीपी कोणी कोणाला सांगू नये, मग ती भाची का असेना. पण त्या वेळी दुसरा मार्ग उरला नव्हता.

पहिल्यांदा परदेशी निघालेल्यांनी तयारीला लागण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करावी. आपला भारतातला नंबर आणि परदेशात वापरायचा डेटा या दोन वेगवेगळ्या गरजा आहेत. नंबर बँकेसाठी, ओटीपीसाठी, यूपीआयसाठी आणि ओळख पटवण्यासाठी लागतो, तर डेटा नकाशासाठी, टॅक्सीसाठी आणि घरच्यांशी बोलण्यासाठी. नंबर भारतातलाच चालू ठेवायचा आणि डेटा जिथून सोयीचा व स्वस्त पडेल तिथून घ्यायचा, एवढे ठरले की पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात.

रोमिंग म्हणजे नेमके काय

परदेशात उतरून फोन चालू केला की तो तिथल्या एखाद्या कंपनीचे नेटवर्क शोधतो. ती कंपनी आपल्या भारतीय कंपनीला विचारते, की हा ग्राहक तुमचा आहे का आणि त्याला सेवा द्यायची का. इकडून होकार गेला की फोनला रेंज मिळते. यालाच रोमिंग म्हणतात. यासाठी आपल्या नंबरावर आंतरराष्ट्रीय रोमिंग ही सेवा कंपनीकडून सुरू झालेली असावी लागते. ती कंपनीच्या ॲपमधून, ग्राहक सेवेला फोन करून किंवा दुकानात जाऊन सुरू करता येते.

फोनच्या सेटिंगमध्ये 'डेटा रोमिंग' नावाचा जो खटका असतो, तो याहून वेगळा आहे, आणि नवख्या प्रवाशांची सर्वांत मोठी गल्लत इथेच होते. हा खटका बंद केला तर त्या सिमवरून परदेशात इंटरनेट वापरले जात नाही, एवढाच त्याचा अर्थ. सिमला रेंज मिळत राहते आणि एसएमएस येत राहतात, कारण एसएमएस यायला इंटरनेट लागत नाही. बिलाच्या धास्तीने काही जण कंपनीला सांगून रोमिंग सेवाच बंद करून टाकतात आणि मग त्यांना ओटीपी मिळत नाही. काही जण याच्या उलट, सेवाही चालू आणि डेटा रोमिंगचा खटकाही चालू ठेवून पॅक न घेताच विमानातून उतरतात. फोन खिशात असतानाच फोटोंची साठवण, ॲपची अद्ययावत आवृत्ती, ईमेल असे सगळे सुरू होते आणि पोस्टपेड ग्राहकाला घरी परतल्यावर बिल पाहून घाम फुटतो. तेव्हा भारतीय सिमसाठी सूत्र असे: पॅक घेतलेला नसेल तर आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा चालू आणि डेटा रोमिंगचा खटका बंद.

आपल्याकडच्या कंपन्या रोमिंगमध्ये आलेल्या एसएमएससाठी साधारणपणे पैसे घेत नाहीत. पॅक नसताना आलेला कॉल उचलला तर मात्र पैसे लागतात, म्हणून अनोळखी क्रमांक उचलू नयेत आणि घरच्यांना "व्हॉट्सॲपवरच फोन करा" असे आधीच सांगून ठेवावे.

पहिली पायरी: आपला फोन तपासा

प्रवासाला किमान तीन आठवडे असताना फोनवर *#०६# हे अंक दाबून पाहा. पडद्यावर पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दिसेल. त्याच्या जोडीला 'ईआयडी' नावाचा बत्तीस अंकी क्रमांकही दिसला, तर तुमच्या फोनला ई-सिम चालते. ई-सिम म्हणजे वेगळी चिप न घालता फोनमधल्याच चिपवर उतरवून घ्यायचे सिम. ॲपलने ही सोय २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआर या मॉडेलपासून दिली. अँड्रॉइडमध्ये महागड्या फोनना ती बहुधा असते, मधल्या किमतीच्या फोनपैकी काहींना असते, काहींना नसते. त्यामुळे अंदाजावर न जाता वरचे अंक दाबूनच खात्री करून घ्यावी.

दुसरी तपासणी फोन अनलॉक आहे का, याची. भारतात दुकानातून विकत घेतलेला फोन सहसा कोणत्याही कंपनीचे सिम घेतो. मात्र अमेरिकेतल्या मुलाने किंवा भाच्याने तिकडच्या कंपनीच्या हप्त्यांवर घेतलेला फोन आपल्याला वापरायला दिला असेल, तर तो त्या कंपनीपुरता बांधलेला असू शकतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये २०२२ च्या १४ क्रमांकाच्या मॉडेलपासून सिम घालायची खाचच नसते, हेही लक्षात असू द्यावे. तसा फोन असेल तर भारतीय नंबरही ई-सिममध्येच असावा लागेल.

तिसरी गोष्ट साध्या कॉलची. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये आपली थ्री-जी नेटवर्के बंद केली, ऑस्ट्रेलियात ती २०२४ मध्ये बंद झाली आणि सिंगापूरने टू-जी तर २०१७ मध्येच थांबवले. अशा ठिकाणी साधा कॉलसुद्धा फोर-जीवरूनच, म्हणजे व्होल्टी पद्धतीने जातो. आजोबांसाठी बाळगलेला बटणांचा जुना फोन तिथे कामाचा नाही.

दुसरी पायरी: किती डेटा लागेल

याचे उत्तर कोणत्याही विक्रेत्यापेक्षा तुमचा फोन अधिक खरे देईल. सेटिंगमध्ये मोबाइल डेटाचा महिन्याचा वापर दिसतो. कोणते ॲप किती खाते तेही दिसते. पुण्यात घरी आणि कचेरीत वाय-फाय असते, तसेच परदेशात हॉटेलात असते, म्हणून हा आकडा बऱ्यापैकी लागू पडतो. प्रवासात नकाशा जास्त पाहिला जातो, पण नकाशाला डेटा फारच थोडा लागतो. डेटा संपवतात ते व्हिडिओ. व्हिडिओ कॉलला तासाला काहीशे एमबी लागतात, आणि मोठ्या दर्जाचा चित्रपट एका तासात एक ते तीन जीबी संपवतो. दिवसभर फिरून रात्री हॉटेलच्या वाय-फायवरून घरी व्हिडिओ कॉल करणाऱ्या माणसाला दहा दिवसांसाठी पाच जीबी सहसा पुरतात, असा माझ्या नात्यातल्या बऱ्याच प्रवाशांची तयारी करून दिल्यावरचा अनुभव आहे. रेल्वेतूनच नातवाशी व्हिडिओवर बोलणाऱ्यांनी दुप्पट धरावे.

बेत आखतानाच काही गळती बंद करून ठेवावी. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याचे पर्याय असतात आणि अँड्रॉइडवर त्यात रोमिंगसाठी वेगळी ओळ असते. ते सर्व बंद करावेत. आपल्या कुटुंबाच्या, सोसायटीच्या आणि शाळूसोबत्यांच्या ग्रुपवर सकाळी येणाऱ्या शुभेच्छांच्या चित्रफिती एकत्र केल्या, तर आठवड्याभरात त्या नकाशापेक्षा किती तरी जास्त डेटा संपवतात. फोटोंची साठवण आणि ॲपची अद्ययावत आवृत्ती फक्त वाय-फायवरच होईल, असे ठरवून ठेवावे.

तिसरी पायरी: डेटा कुठून घ्यायचा

मार्ग मुख्यतः तीन आहेत. आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक, प्रवासासाठीचे ई-सिम आणि त्या देशात जाऊन घेतलेले स्थानिक सिम.

रोमिंग पॅक सर्वांत सोपा. कंपनीच्या ॲपमधून पैसे भरले की झाले. सिम तेच, नंबर तोच, फोनमध्ये काही बदलायचे नाही. सत्तरीच्या आसपासचे पालक पहिल्यांदाच निघाले असतील, फोन साधा असेल आणि सहल आठ-दहा दिवसांची असेल, तर थोडे जास्त पैसे पडले तरी मी हाच मार्ग सुचवते. घेताना तीन गोष्टी वाचाव्यात. पहिली, देशांची यादी: आपण जिथे जाणार त्या प्रत्येक देशाचे नाव, आणि विमान बदलताना बाहेर पडणार असू तर त्या देशाचेही नाव त्यात आहे का. दुसरी, दिवसाची मोजणी: पॅकचा एक दिवस म्हणजे चोवीस तास, की भारतीय वेळेनुसार मध्यरात्र ते मध्यरात्र. दुसरा प्रकार असेल आणि तुम्ही भारतीय वेळेनुसार रात्री अकराला उतरलात, तर पहिला दिवस तासाभरात संपतो. तिसरी, डेटा संपल्यावर काय होते: वेग कमी होतो, सेवा थांबते, की सुट्या दराने पैसे लागू लागतात.

प्रवासासाठीचे ई-सिम हा ज्यांच्या फोनला ई-सिम चालते त्यांच्यासाठी मला सर्वांत योग्य वाटणारा मार्ग आहे, कारण त्यात भारतीय सिम आपल्या जागी राहते आणि डेटा शेजारच्या ई-सिमवरून येतो. मावशीवर आलेली वेळ यात येऊच शकत नाही. या ई-सिममध्ये बहुधा फक्त डेटा असतो, कॉलचा नंबर नसतो. व्हॉट्सॲप मात्र आपल्या जुन्या भारतीय नंबरावरच चालत राहते. नव्या सिममुळे व्हॉट्सॲपने "नंबर बदलायचा का" असे विचारले, तर नाही म्हणावे.

विकत कुठून घ्यायचे, याबाबत सावध असावे. भारतात परदेशी सिम विकायला दूरसंचार विभागाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. असे प्रमाणपत्र नसल्याच्या कारणावरून जानेवारी २०२४ मध्ये दोन मोठ्या परदेशी ई-सिम विक्रेत्यांची ॲप भारतातल्या ॲप स्टोअरमधून काढली गेली होती. म्हणून अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे; तो पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत मागेल, त्याचे आश्चर्य वाटू देऊ नये. व्हॉट्सॲपवर कोणी पाठवलेल्या दुव्यावरून तर कधीच घेऊ नये.

स्थानिक सिम मुक्काम महिन्याहून मोठा असेल तेव्हा परवडते. मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला चार-सहा महिने जाणाऱ्या आईला, किंवा शिकायला निघालेल्या विद्यार्थ्याला तिकडचा नंबर तसाही लागतोच. थायलंड आणि सिंगापूरला सिम घेताना पासपोर्ट दाखवून नोंदणी करावी लागते. जर्मनीत २०१७ पासून प्रीपेड सिमसाठीही ओळख पटवावी लागते, त्यामुळे रेल्वे सुटायला दहा मिनिटे असताना सिम घेऊ, असा बेत तिथे आखू नये. ब्रिटनमध्ये मात्र प्रीपेड सिम किराणा मालाच्या मोठ्या दुकानातही सहज मिळते. विमानतळावरच्या खिडकीवर दर अनेकदा शहरातल्या दुकानापेक्षा जास्त असतात, तरी भाषा येत नसेल तर तिथल्या माणसाकडून सिम बसवून घेऊन डेटा चालू झाल्याची खात्री करता येते, ही सोय जास्तीच्या पैशांच्या मोलाची आहे.

चार जणांच्या कुटुंबाने चार पॅक घ्यावेत का, असे बरेच जण विचारतात. एकाने मोठा पॅक घेऊन इतरांना हॉटस्पॉट देणे स्वस्त पडते, पण गर्दीत कुटुंब पांगले की ज्यांच्याकडे डेटा नाही तेच हरवतात. निदान दोघांकडे स्वतंत्र डेटा असावा, आणि तो दोन वेगळ्या गटांत फिरणाऱ्या दोघांकडे असावा.

चौथी पायरी: निघण्यापूर्वीचे दिवस

भारतीय सिम बदलायचे असेल, हरवलेले पुन्हा घ्यायचे असेल किंवा ई-सिममध्ये रूपांतर करायचे असेल, तर ते काम निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी उरकावे. फसवणूक टाळण्यासाठी असलेल्या नियमानुसार सिम बदलल्यावर चोवीस तास त्या नंबरावर एसएमएस येत-जात नाहीत. शिवाय जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. उद्या विमान आणि आज नवे सिम, असे झाले तर विमानतळावर ओटीपीची वाट पाहत बसावे लागेल.

प्रीपेड नंबरांची मुदत पाहावी. रोमिंग पॅक वेगळा आणि भारतातला मूळ रिचार्ज वेगळा असतो. मूळ रिचार्जची मुदत प्रवासाच्या मधल्या दिवशी संपली, तर नंबराची सेवा थांबू शकते आणि ओटीपीही अडकतो. परतीच्या तारखेपुढे आणखी आठवडाभर मुदत राहील, असा रिचार्ज आधीच करून ठेवावा.

बँकेच्या कामाचाही डेटाशी जवळचा संबंध आहे. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांमुळे नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार ग्राहकाने स्वतः सुरू केल्याशिवाय चालत नाहीत. परदेशात डेटा संपला आणि नवा विकत घ्यायचा झाला, तर हेच कार्ड लागते. ते सुरू करून मर्यादा घालून ठेवावी, आणि बँक ईमेलवरही ओटीपी पाठवत असेल तर ती सोयही घ्यावी. यूपीआयची ॲप नोंदवलेल्या सिमशी बांधलेली असतात, त्यामुळे सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले तर पुन्हा नोंदणीची उठाठेव करावी लागते. हेही भारतीय सिम त्याच फोनमध्ये ठेवण्याचे एक कारण.

ई-सिम घरच्या वाय-फायवर, शांतपणे, निघण्याच्या एक-दोन दिवस आधी उतरवून घ्यावे. विक्रेता क्यूआर कोड पाठवतो. तो कोड त्याच फोनच्या पडद्यावर असेल तर त्याच फोनच्या कॅमेऱ्याने वाचणार कसा, असा पेच पडतो. म्हणून गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानातून त्याची छापील प्रत काढावी किंवा घरातल्या दुसऱ्या फोनवर तो उघडावा. कोड बहुतेक वेळा एकदाच चालतो, त्यामुळे उतरवलेले ई-सिम "अजून चालत नाही" म्हणून काढून टाकू नये; ते त्या देशात पोहोचल्यावरच चालू होणार असते. मुदत उतरवल्या दिवसापासून मोजली जाते की तिथले नेटवर्क मिळाल्यापासून, हे मात्र उतरवण्यापूर्वी वाचावे. त्या ई-सिमला 'प्रवास' असे नाव द्यावे, म्हणजे दोन सिमांची गल्लत होत नाही.

हे काम मुंबईच्या टॅक्सीत करू, असे ठरवू नये. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून दुबई, बँकॉक अशा मोजक्याच ठिकाणी थेट जाता येते. बाकी बहुतेकांना द्रुतगती मार्गाने मुंबईचा विमानतळ गाठावा लागतो, आणि खंडाळ्याच्या बोगद्यांत रेंज गेली की अर्धवट उतरलेले ई-सिम निस्तरणे फार त्रासाचे होते.

याच संध्याकाळी जाणार त्या शहरांचे नकाशे आणि भाषांतराच्या ॲपमधली तिथली भाषा फोनमध्ये उतरवून घ्यावी. हॉटेलचे नाव-पत्ता, विमा, तिकिटे यांचे पडद्यावरचे फोटो काढून ठेवावेत. घरच्यांचे क्रमांक +९१ लावून साठवलेले आहेत ना, तेही पाहावे. सिमची खाच उघडायची बारीक पिन पासपोर्टच्या पाकिटात ठेवावी.

पाचवी पायरी: विमानातून उतरल्यावर

एअरप्लेन मोड काढण्यापूर्वी पुढचा क्रम पाळावा. भारतीय सिम चालू, त्याचा डेटा रोमिंगचा खटका बंद. 'प्रवास' ई-सिम चालू, मोबाइल डेटासाठी तेच निवडलेले, आणि त्याचा डेटा रोमिंगचा खटका चालू. हा शेवटचा भाग वाचून अनेकांना चूक छापली आहे असे वाटेल, कारण रोमिंग म्हणजे खर्च हे मनात बसलेले असते. पण प्रवासासाठीची ई-सिम बहुधा तिसऱ्याच एखाद्या देशातल्या कंपनीची असतात आणि जिथे आपण उतरलो तिथे तीही पाहुणीच असतात. त्यामुळे फोनच्या दृष्टीने ते रोमिंगच असते, आणि खटका बंद असेल तर रेंजच्या चारही रेघा दिसूनही नेट चालत नाही. पैसे आधीच भरलेले असल्यामुळे इथे जास्तीचे बिल येत नाही.

यानंतर, डेटा एका सिमवरून दुसऱ्यावर आपोआप वळवण्याचा जो पर्याय दोन सिमांच्या फोनमध्ये असतो, तो बंद करावा. नाही तर ई-सिमची रेंज गेली की फोन भारतीय सिमकडे वळायला पाहतो.

एवढे करूनही नेट आले नाही तर या क्रमाने पाहावे: फोन बंद करून चालू करावा, नेटवर्क आपोआप निवडण्याऐवजी यादीतून विक्रेत्याने सांगितलेली कंपनी निवडावी, आणि तरीही नाही तर विक्रेत्याच्या सूचनांमधला एपीएन, म्हणजे नेट जोडण्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये लिहायचे नाव, तसाच्या तसा भरावा. या सूचनांचाही फोटो घरूनच काढून आणलेला असावा, कारण ज्या क्षणी त्या लागतात त्या क्षणी नेट नसते. विमानतळावरचे मोफत वाय-फाय मदतीला असते, पण काही ठिकाणी तेही एसएमएसने ओटीपी पाठवूनच आत घेते, आणि तो येतो आपल्या भारतीय नंबरावर. अशा सार्वजनिक वाय-फायवर बँकेचे व्यवहार करू नयेत. ते आपल्या मोबाइल डेटावर करावेत.

काही देशांच्या खास बाबी

पुण्यातून निघणाऱ्या युरोपच्या सहलींत स्वित्झर्लंड जवळजवळ हमखास असते, म्हणून हे नीट समजून घ्यावे. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका सदस्य देशाचे सिम दुसऱ्या सदस्य देशात रोमिंगचे जादा पैसे न लावता चालते. पॅरिसमध्ये घेतलेले सिम रोममध्ये चालते, आणि नॉर्वे, आइसलँड व लिश्टेनस्टाइन हेही या व्यवस्थेत आहेत. स्वित्झर्लंड आणि ब्रिटन मात्र त्यात नाहीत. काही कंपन्या आपणहून त्यांचा समावेश करतात, काही करत नाहीत. पाकिटावर 'युरोप' लिहिलेले पाहून समाधान मानू नये; यादीत स्वित्झर्लंडचे नाव बोट ठेवून वाचावे, नाही तर बर्फात पोहोचल्यावर घरी फोटो पाठवता येणार नाहीत. सीमेजवळच्या गावात फोन शेजारच्या देशाचे नेटवर्क पकडतो, तेव्हाही हीच अडचण येते.

दुबईला स्थानिक सिमवर आणि हॉटेलच्या वाय-फायवर व्हॉट्सॲपचे संदेश जातात, पण व्हॉट्सॲपचे कॉल गेली अनेक वर्षे तिथे रोखलेले आहेत. परवाना असलेली बोटिमसारखी वेगळी ॲप वापरावी लागतात. घरच्यांनी आपल्या फोनवरही ती आधी घेऊन ठेवली नसेल, तर पहिल्या रात्री दोन्हीकडे उगाच काळजी लागते. चीनमध्ये स्थानिक सिमवर गूगल आणि व्हॉट्सॲप चालत नाहीत. भारतीय सिमच्या रोमिंगवर मात्र ती चालतात, कारण रोमिंगमध्ये डेटा मूळ कंपनीच्या देशातून फिरून येतो; तिथे थोड्या दिवसांसाठी स्थानिक सिमच्या मागे न लागणेच बरे. तुर्कस्तानात परदेशातून आणलेला फोन स्थानिक सिमवर नोंदणीशिवाय १२० दिवसच चालतो, हे लांबच्या मुक्कामाला जाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

समुद्रावर आणि आकाशात एअरप्लेन मोड अजिबात काढू नये. क्रूझवर आणि काही विमानांत उपग्रहावरून चालणारे स्वतंत्र मोबाइल नेटवर्क असते. नेहमीच्या पॅकमध्ये ते सहसा येत नाही आणि त्याचे दर जमिनीवरच्या दरांच्या कित्येक पट असतात. फोन मात्र रेंज मिळाली म्हणून आपोआप त्याला जाऊन जोडला जातो.

शिक्षणासाठी जाणाऱ्यांसाठी

दोन वर्षांसाठी निघालेल्या मुलामुलींचा भारतीय नंबर बंद पडणे ही मोठी अडचण होते, कारण बँक खाते, आधार आणि पॅन सगळे त्याच नंबराला जोडलेले असते. नव्वद दिवस वापर नसलेला प्रीपेड नंबर कंपनी बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. खात्यात किमान वीस रुपये शिल्लक असतील तर त्यातून ठरावीक रक्कम कापून नंबर राखून ठेवण्याची नियमात सोय आहे. पण नंबर राखणे आणि त्यावर ओटीपी येणे यांत फरक आहे. ओटीपी हवे असतील तर रोमिंग चालणारा सर्वांत लहान रिचार्ज आई-वडिलांनी पुण्यातून वेळच्या वेळी करत राहावा, आणि त्याची तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

परतल्यावर

लोहगावला किंवा मुंबईला उतरल्यावर मोबाइल डेटासाठी पुन्हा भारतीय सिम निवडावे. हे विसरले तर भारतातही 'प्रवास' ई-सिमच डेटा शोधत राहते आणि "नेट का चालत नाही" म्हणून आपण सेटिंग चाळत बसतो. ई-सिमची मुदत संपली असेल आणि त्यावर पुन्हा रिचार्ज करायचा नसेल, तर ते आता काढून टाकावे. पोस्टपेड ग्राहकांनी रोमिंगची नोंद पुढच्या दोन बिलांत तपासावी, कारण परदेशी कंपनीकडून हिशेब यायला कधी वेळ लागतो. पॅकच्या मुदतीबाहेरची रक्कम लागलेली दिसली, तर पॅक सुरू झाल्याचा एसएमएस दाखवून कंपनीकडे लेखी तक्रार करता येते. म्हणून तो एसएमएस दोन्ही बिले येईपर्यंत काढून टाकू नये.